मदत हवी आहे: स्वीडनहून अमेरिकेत संशोधनासाठी पाठ्यवृत्ती

नमस्कार. माझी मुलगी लुंड विद्यापीठात पीएचडीच्या शेवटच्या टप्प्यावर असून बोस्टनमधील एका प्रयोगशाळेने तिला वर्षभरासाठी बोलावले आहे. मात्र निमंत्रणपत्राच्या तळाशी ‘खर्चाची तरतूद उमेदवाराने करावी’ अशी एक बारीक ओळ आहे. १९१९ साली स्थापन झालेले स्वीडन-अमेरिका फाउंडेशन अमेरिका व कॅनडासाठी पाठ्यवृत्ती देते, अमेरिकी सरकारच्या फुलब्राइट पाठ्यवृत्तीचा मार्ग आहे आणि स्वीडिश रिसर्च कौन्सिल पीएचडीनंतर परदेशी संशोधनासाठी अनुदान देते, इतकी माहिती आम्ही जमवली आहे. सीएसएन या स्वीडनच्या सरकारी विद्यार्थी-साहाय्य संस्थेचे साहाय्य शिक्षणासाठी असल्यामुळे ते येथे कामाचे नाही.

खरी अडचण पुढे आहे. फुलब्राइट मिळाल्यास जे-१ व्हिसावर (अभ्यास-संशोधनाच्या देवाणघेवाणीसाठीचा अमेरिकी व्हिसा) नंतर मायदेशी परतून दोन वर्षे राहण्याची अट लागते. मुलीचा जन्म पुण्याचा, पण गेल्या वर्षापासून ती स्वीडिश नागरिक आहे. अशा वेळी मायदेश म्हणून स्वीडनच धरला जातो ना? शिवाय एका पाठ्यवृत्तीत वर्षाचा खर्च भागला नाही, तर दुसरी जोडून घेता येते का, की पहिलीची रक्कम कापली जाते?

स्वीडनमधून या मार्गाने गेलेल्या कोणी स्वतःचा अनुभव, विशेषतः अंदाजपत्रक कसे मांडले ते, कृपया कळवावे.