बाबांची चौदा वर्षं कधीच झाली, मग सुटका का होत नाही?

धुऱ्याकाठची

माझे बाबा नागपूर सेंट्रल जेलमध्ये जन्मठेपेत आहेत. गाव काटोलकडचं. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चुलतकाकांशी वाद झाला, बाबांच्या हातात कुऱ्हाड होती, काका दवाखान्यात पोचायच्या आधीच गेले. जानेवारी 2010. मी तिसरीत होते. बाबांना जामीन झालाच नाही. 2012 मध्ये शिक्षा लागली, अपीलही गेलं.

परवा मुलाखतीला गेले तर बाबांनी काचेला कागद लावून दाखवला. पेन्सिलीनं हिशेब मांडलेला, खाली दोनदा रेघ मारून: 15 वर्षं 11 महिने. फोनवर म्हणाले, "बाई, माझ्या मागून आलेला सुटून गेला, मी काऊन नाही?" मला उत्तर देता आलं नाही. राहाटे कॉलनीच्या चौकापर्यंत चालत आले, तिथे रिक्षात बसून रडले.

एका वकिलानं "राज्यपालांकडे टाकतो" म्हणून पंधरा हजार घेतले. आता फोन उचलत नाही. नेमकं काय करायचं?

मुन्शीकाका

ताई, मी जिल्हा कोर्टात एकतीस वर्षं वकिलांकडे मुन्शी होतो. निकाल मी देऊ शकत नाही, हिशेब मात्र सांगतो.

पहिलं म्हणजे चौदा वर्षांची जन्मठेप हा सिनेमावाल्यांचा कायदा आहे. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत, हे सुप्रीम कोर्टानं 1961 मध्येच गोपाळ गोडसेच्या प्रकरणात सांगून ठेवलंय. चौदा हा उंबरठा आहे. खुनासारख्या गुन्ह्यात प्रत्यक्ष चौदा वर्षं आत काढल्याशिवाय सरकारला सोडता येत नाही. आधी हे फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 433-अ होतं, जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 475. उंबरठ्यावर आला म्हणजे घरात आला असं नाही, पण उंबरठाच आला नसेल तर पुढचं बोलणंच नको.

आता सांगा, बाबा कोरोनात बाहेर होते का? आणि एरवी किती रजा घेतल्या?

धुऱ्याकाठची

हो. मे 2020 ला सोडलं, मे 2022 ला बोलावलं, त्याच दिवशी स्वतःच्या पायानं गेले. ती दोन वर्षं दुसऱ्याच्या संत्र्याच्या बागेत मजुरी केली. त्याआधी आजी गेली तेव्हा आणि नंतर एकदा, मिळून पंचेचाळीस दिवस पॅरोल. फर्लोवर तीनदा आले.

मुन्शीकाका

मग तिथंच गाठ आहे.

फर्लो म्हणजे संचित रजा, ठरावीक काळानं मिळणारी, ती शिक्षेत धरतात. पॅरोल म्हणजे अभिवचन रजा, घरच्या अडचणीला मिळणारी, ती धरत नाहीत. चौदा वर्षांत पॅरोलचे दिवस मोजायचे नाहीत, असं सुप्रीम कोर्टानं जानेवारी 2023 मध्ये गोव्याच्या प्रकरणात म्हटलं. दोनच महिन्यांनी दिल्लीच्या प्रकरणात कोरोनातल्या रजेलाही तेच लावलं. कच्च्या कैदेची, म्हणजे शिक्षा लागण्याआधीची, दोन वर्षं मात्र धरतात, त्याला जेलात सेटॉफ म्हणतात. तुमच्या बाबांचे 15 वर्षं 11 महिने वजा दोन वर्षं, वजा दीड महिना. उरले पावणेचौदाच्या थोडे वर. मागून आलेला जो सुटला, तो बहुतेक कोरोनात बाहेर गेलाच नसेल. बाबांच्या कागदावर ही वजाबाकी नाही, म्हणून त्यांना अन्याय वाटून राहिला.

दुसरा हिशेब वेगळाच. राज्याच्या 2010 च्या मार्गदर्शक सूचनांत गुन्ह्याचे प्रवर्ग आहेत. कट करून केला की रागाच्या भरात, किती क्रूरपणे, हे बघून माफीसह, म्हणजे शिक्षेत मिळालेली सूट धरून, 20, 22, 24 अशी वर्षं ठरतात. चांगल्या वागणुकीची, कामाची माफी इथं कामी येते, चौदाच्या उंबरठ्यावर नाही. बाबांना जेल कार्यालयातून प्रत्यक्ष कैद आणि मिळालेली माफी, दोन्ही लेखी मागायला सांगा. शिक्षा लागली त्या दिवशीचं धोरण लागतं. नंतरचं जास्त सवलतीचं असेल तर ते.

राज्यपालांना (राज्यघटनेचं कलम 161) चौदाची अट नाही, पण ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालतात. पंधरा हजारांनी तो रस्ता जवळ होत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, कैद्याला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. आणि फेब्रुवारी 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की धोरणात बसणाऱ्याचा विचार सरकारनं अर्जाची वाट न बघता करायचा. तरी अर्ज द्याच. कागद आपोआप चालत नाही, हे मी एकतीस वर्षं बघितलं.

वर्धा रोड

मी दुसऱ्या बाजूचा. माझा मोठा भाऊ 2008 मध्ये मारला गेला. मारणारा सुटला हे आम्हाला कोणी कळवलं नाही. आई बस स्टँडवर उतरली, तर तो पानठेल्यावर उभा. त्यानं मान खाली घातली म्हणे. आई आठ दिवस जेवली नाही. तुमच्या बाबांनी आतच राहावं असं मी म्हणत नाही. पण इथं सगळे दिवस मोजून राहिले, म्हणून लिहिलं.

धुऱ्याकाठची

दादा, काकू अजून त्याच गावात आहे. मी तिच्या दारात एकदाही गेले नाही. लाज वाटते.

मुन्शीकाका

सुटकेच्या प्रस्तावात पोलिसांचा अहवाल लागतो. शिपाई गावात जाऊन विचारतो, हा आला तर भांडण होईल का? पोलीस पाटील काय म्हणतो? धुऱ्यापलीकडे काकूचं घर असेल तर अहवाल विरोधात जायचीच शक्यता जास्त, आणि तिला दोष देता येत नाही. शिक्षा देणाऱ्या कोर्टाचं मतही मागवतात. ते कारणांसकट हवं, नुसतं "नको" चालत नाही, हे 2022 मध्ये छत्तीसगडच्या प्रकरणात ठरलं.

अर्जात लिहा की बाबा गावात राहणार नाहीत, नागपुरात मुलीकडे राहतील. पत्ता पक्का द्या.

धुऱ्याकाठची

माझी त्रिमूर्तीनगरात भाड्याची एक खोली आहे. घरमालकांना सांगितलंय की बाबा गुजरातेत कंपनीत आहेत.

मुन्शीकाका

पोलीस चौकशीला त्याच दारावर येतील. त्याआधी तुम्हीच सांगून टाका. नाही म्हणाले तर दुसरी खोली बघायला वेळ आहे, चौदा पुरी व्हायला अजून अडीच महिने आहेत.