फ्रिजच्या डिस्पेन्सरचा एरर कोड: बोर्ड बदलण्याआधी पाणी पोहोचतंय का ते बघा

७०२ वहिनी: नमस्कार. आमच्या फ्रिजच्या दारातल्या डिस्पेन्सरला कालपासून अगदी बारीक धार येतेय. डिस्प्लेवर ईआर आणि पुढे ९एफ असं काहीतरी दिसतंय. टेक्निशियनने फोनवरच सांगून टाकलं की बोर्ड, म्हणजे फ्रिज चालवणारं सर्किट, गेला असेल. कुणाला असा अनुभव आहे का?

४०१ दादा: वहिनी, प्लग काढून दहा मिनिटांनी परत लावा. जातो तो एरर.

५०३ काका: थांबा, प्लग इतक्यात काढू नका. आधी डिस्प्लेचा फोटो टाका इथे. प्लग काढला की कोड पुसला जातो. मूळ कारण तसंच राहिलं तर तो परत येणारच, आणि तोवर तपासायला आपल्या हातात काही उरत नाही.

७०२ वहिनी: [फोटो]

५०३ काका: हा जीएफ आहे. या डिस्प्लेवर छोटा जी आणि नऊ अगदी सारखे दिसतात. तुमच्याच मॉडेलच्या पुस्तिकेत कोडचा तक्ता असेल, त्यात बघा. कोड कंपनीगणिक बदलतात, नेटवर दुसऱ्याच फ्रिजचा अर्थ वाचून काही ठरवू नका.

७०२ वहिनी: मिळाला. 'फ्लो सेन्सर' लिहिलंय. म्हणजे सेन्सर बिघडला ना?

५०३ काका: तसंच नाही वहिनी, आणि इथेच लोकांचे पैसे वाया जातात. पाण्याच्या वाटेत एक छोटं चाक असतं. पाणी वाहिलं की ते फिरतं, त्यातल्या चुंबकामुळे बोर्डाला ठोके मिळतात. बोर्डाने व्हॉल्व्ह उघडला आणि ठोके पुरेसे आले नाहीत की तो हा कोड दाखवतो. आता ठोके का आले नाहीत? पाणीच कमी असेल, व्हॉल्व्ह उघडला नसेल, चाक अडकलं असेल किंवा वायर सुटली असेल. कोड सगळ्याला एकच. बोर्डाला कुठून उत्तर मिळालं नाही एवढंच कोड सांगतो, कुठला पार्ट मेला ते सांगत नाही.

७०२ वहिनी: मग शोधायचं कसं?

५०३ काका: कुणाला तरी ग्लास लावून पट्टी दाबायला सांगा आणि तुम्ही फ्रिजच्या मागे खाली कान द्या. व्हॉल्व्हचा गुंजल्यासारखा आवाज येतो का? काही मॉडेलमध्ये नुसती टिक ऐकू येते. आणि बर्फ कसा होतोय तेही सांगा.

७०२ वहिनी: आवाज येतोय, स्पष्ट येतोय. बर्फ होतो, पण तुकडे लहान आणि आतून पोकळ.

५०३ काका: उत्तम. आवाज येतोय म्हणजे बोर्ड व्हॉल्व्हला करंट पाठवतोय आणि व्हॉल्व्हची कॉइल, म्हणजे करंट मिळाला की तो उघडणारं तारेचं वेटोळं, शाबूत आहे. बोर्ड बदलायला एवढ्यात हो म्हणू नका. शिवाय डिस्पेन्सर आणि बर्फ यांच्या कॉइल बहुतेक वेळा वेगवेगळ्या असतात. दोन्हीकडे पाणी कमी पडतंय, म्हणजे अडचण दोघांच्या सामाईक वाटेत आहे: नळापासून फिल्टरपर्यंत किंवा व्हॉल्व्हच्या तोंडाशी.

३०२ ताई: काका, मध्येच विचारते. आमच्याकडे कोड नाही, आवाज येतो, बर्फ छान होतो, पण दारातून पाण्याचा थेंब नाही.

५०३ काका: तुमच्या दारातली नळी गोठली असणार. फ्रीझर किती डिग्रीवर आहे?

३०२ ताई: उणे २३.

५०३ काका: उणे १८ करा. प्लग काढून फ्रीझरचं दार काही तास उघडं ठेवा, आतलं सामान दुसरीकडे हलवा. नळीत तार किंवा पिन घालू नका आणि गरम पाणी तर ओतूच नका, दारात वायरिंग असतं.

२०४ आजोबा: आमच्या डिस्प्लेवर कुलूप दिसते आहे. पाणी येत नाही.

५०३ काका: आजोबा, ते चाइल्ड लॉक आहे. लॉकचं बटण तीनेक सेकंद दाबून धरा.

२०४ आजोबा: आले. धन्यवाद.

५०३ काका: वहिनी, आता मापाच्या भांड्यात पंधरा सेकंद पाणी घ्या. पाव लिटरच्या आसपास यायला हवं.

७०२ वहिनी: साठ मिलीसुद्धा नाही.

५०३ काका: फिल्टर काढून त्या जागी फ्रिजबरोबर आलेलं बायपासचं झाकण लावा आणि परत मोजा. धार वाढली तर फिल्टर चोंदलाय. फिल्टरच्या लाल दिव्यावर विसंबू नका. बहुतेक फ्रिजमध्ये तो महिने किंवा लिटर मोजतो, आत किती गाळ बसलाय ते त्याला कळत नाही.

७०२ वहिनी: काही फरक नाही.

५०३ काका: मग प्लग काढा, मागचा अँगल कॉक बंद करा, फ्रिजला जाणारी नळी सोडवून बादलीत धरा आणि कॉक उघडा. नळीतूनच धार मरतुकडी असेल तर फ्रिजचा दोष नाही.

७०२ वहिनी: बादलीतही तशीच बारीक धार!

७०१ दादा: एक मिनिट. आमचा शॉवरही टाकी साफ केल्यापासून असाच चाललाय. मला वाटलं आमच्याच लाइनमध्ये कचरा अडकला.

६०४ ताई: आमच्याकडेही. वॉशिंग मशीन पाणी भरायलाच किती वेळ घेतंय.

५०३ काका: सेक्रेटरी साहेब, टाकी साफ करताना वरच्या मजल्यांचा प्रेशर पंप बायपास केला होता का?

सेक्रेटरी: वॉचमनला गच्चीवर पाठवतो.

५०३ काका: तोवर हिशेब सांगतो, म्हणजे सगळ्यांच्या लक्षात येईल. बार आणि पीएसआय ही प्रेशर मोजायची मापं. पाण्याच्या १० मीटर उंचीला साधारण १ बार, म्हणजे १४ पीएसआय प्रेशर मिळतं. बऱ्याच फ्रिजना किमान २० पीएसआय लागतं, म्हणजे टाकी १४ मीटर वर हवी. सातव्या मजल्याच्या नळापासून आपली टाकी जेमतेम पाच मीटर वर आहे, म्हणजे ७ पीएसआय. दुसऱ्या मजल्याला पंपाशिवाय भागतं, सातव्याला शक्यच नाही. आणि नुसती धार बारीक होते एवढंच नाही. बहुतेक फ्रिजमधला हा व्हॉल्व्ह बंद होताना पाण्याच्याच प्रेशरची मदत घेतो. ते कमी पडलं की तो नीट मिटत नाही.

७०२ वहिनी: म्हणूनच रात्रभर ट्रेमध्ये पाणी टिपकत होतं?

५०३ काका: हो, बहुधा म्हणूनच.

१०३ दादा: फ्रिज आरओच्या पुढे जोडला असेल तर?

५०३ काका: तिथेही हाच घोटाळा होतो. आरओची साठवण टाकी रिकामी होत आली की प्रेशर पडतं. आधी तेच मोजून घ्यायचं.

सेक्रेटरी: काका, बरोबर निघालं. पंपाचा स्विच बंद आणि बायपासचा व्हॉल्व्ह उघडा होता. दोन्ही पूर्ववत केलंय. टाकी साफ करणाऱ्यांच्या कामाच्या यादीत हे आजच लिहून ठेवतो. सहावा-सातवा मजला, कृपया तपासून सांगा.

७०१ दादा: शॉवर एकदम जोरात!

७०२ वहिनी: बादलीतली धार जोरात झाली. नळी जोडून फ्रिज सुरू केला, कोडही गेला. पण पंधरा सेकंदांत दीडशे मिलीच येतंय.

५०३ काका: टाकी साफ करताना हललेला गाळ व्हॉल्व्हच्या तोंडाशी असलेल्या बारीक जाळीत बसला असेल. पुन्हा प्लग काढा, कॉक बंद करा, नळी सोडवून आत टॉर्च मारा.

७०२ वहिनी: तपकिरी थर दिसतोय.

५०३ काका: मऊ टूथब्रशने अलगद साफ करा. जाळी टोचू नका, आणि काढून टाकायचा विचार तर अजिबात नको. वाळूचा एक कण व्हॉल्व्हमध्ये गेला तरी तो पूर्ण मिटत नाही, मग प्रेशर कितीही असो, पाणी टिपकतच राहतं. नळी परत जोडण्याआधी थोडं पाणी बादलीत सोडा, उरलेला गाळ निघून जाईल.

७०२ वहिनी: झालं काका! आता जवळपास पाव लिटर येतंय. टिपकणंही थांबलंय.

५०३ काका: छान. आता बायपासचं झाकण काढून फिल्टर बसवा. किती जुना आहे?

७०२ वहिनी: वर्ष होत आलं असेल.

५०३ काका: मग नवाच बसवा, साधारण सहा महिन्यांनी बदलायचा असतो. बसवल्यावर पहिलं आठ-दहा लिटर पाणी पिऊ नका, कोळशाची बारीक पूड आणि हवा निघून जाऊ दे. थोडा वेळ धार फटफट करत येईल, काळजी करू नका. मागे नळी जोडलीय तिथे कागदाचा रुमाल ठेवा आणि सकाळी ओला झालाय का बघा.

७०२ वहिनी: ठेवला. टेक्निशियनला फोन करून बोर्डाची ऑर्डर रद्द केली.

३०२ ताई: काका, आमच्या दारातूनही पाणी सुरू झालं. फ्रीझर उणे १८ वर ठेवलाय.