अनुभव धागा: चार इंची टाचेवर आरामात कसं चालायचं?

तुळशीचं लग्न लागलं की नाशिकच्या लॉन्सवर लग्नांची रांग लागते आणि उंच टाचेच्या सँडल खोक्यातून बाहेर येतात. दोन तासांत त्या खुर्चीखाली सारलेल्या असतात. पाय नाजूक असतात असं नाही. बहुतेक वेळा सँडल चुकलेली असते आणि सराव झालेला नसतो. ज्यांचं हे रोजचं काम आहे त्यांनी मोजमापासकट लिहावं. स्वतःची गोष्ट नको, कृती हवी.

चप्पल-बूट दुरुस्ती, शालिमार

आधी सँडल तपासा, पायाचं नंतर बघू. मागची टाच पट्टीने मोजा, मग चवड्याखालच्या सोलची जाडी मोजा आणि वजा करा. टाच साडेचार इंच आणि पुढचा सोल दीड इंच असेल तर पायाला तीनच इंचांचा उतार पडतो. टाच चार इंच आणि पुढे पातळ सोल असेल तर ती दिसायला बुटकी, पण चालायला जास्त अवघड.

मग सँडल टेबलावर ठेवून टाचेला वरच्या बाजूने टिचकी मारा. डुलत राहिली तर तिथेच सोडा. कमानीखालचा भाग अंगठ्याने जोरात दाबा. आत टाचेपासून चवड्याच्या अलीकडेपर्यंत लोखंडी पट्टी असते. तो भाग दबला तर पट्टी कमजोर आहे आणि वजन पडलं की टाच मागे सरकणार. शेवटी बाजूने बघा: टाच पायाच्या टाचेच्या मधोमध खाली यायला हवी. पार मागच्या कडेला बसवलेल्या पेन्सिल टाचेवर घोटा सारखा हेलकावतो.

खरेदीला संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडा फुगतो. पाय पुढे घसरतो म्हणून अर्धा नंबर लहान घेण्याचा सल्ला सर्रास मिळतो. पुढून बंद असलेल्या बुटात तो ऐकू नका, बोटं चेपतात. घसरण थांबवायला घोट्याचा पट्टा हवा.

फिजिओथेरपी, गंगापूर रोड

किती उंची झेपेल याची साधी परीक्षा: सँडल घालून भिंतीला बोटं टेकवा आणि चवड्यावर आणखी वर उठा. टाच जमिनीपासून इंचभर उचलून तीन-चार सेकंद थांबता आलं तर ती उंची चालेल. उठताच आलं नाही तर घोटा आधीच टोकाला पोचलाय, तोल सावरायला त्याच्याकडे काही शिल्लक नाही. अर्धा-एक इंच खाली या.

सरावाला तीन-चार आठवडे द्या. पहिल्या आठवड्यात दोन इंची रुंद टाच, दिवसातून दोनदा 15 मिनिटं. दुसऱ्यात तीन इंच. चार इंच किंवा पेन्सिल टाच त्यानंतरच, आणि तीही सुरुवातीला 10 मिनिटं. रोज अनवाणी, भिंतीला धरून चवड्यावर चढ-उतार 15 वेळा, दोन फेऱ्या; उतरताना सावकाश. सँडल काढल्यावर पोटरीचा ताण: मागचा गुडघा सरळ, टाच जमिनीला, 30 सेकंद, प्रत्येक पायाला तीनदा. हा ताण चुकवू नका. रोज उंच टाच घालणाऱ्यांच्या पोटऱ्या हळूहळू आखडतात आणि मग सपाट चप्पल घातली की दुखतात.

चवड्याची जेलची गादी बहुतेक जण चुकीच्या जागी लावतात. ज्या हाडावर दुखतं त्याच्या खाली लावायची नसते, त्याच्या किंचित मागे लावायची. जागा सापडण्यासाठी दुखऱ्या ठिकाणी लिपस्टिकचा ठिपका लावून सँडलमध्ये उभं राहा. ठिपका उमटेल त्याच्या मागे गादीची पुढची कड यावी.

बधिर करणारा स्प्रे मारून चालू नका. मुरगळलेला घोटासुद्धा मग उशिरा लक्षात येतो. तिसऱ्या-चौथ्या बोटात आग होणं, बधिरपणा, सँडलमध्ये खडा असल्यासारखं सतत वाटणं, ही नस दबल्याची लक्षणं असू शकतात. सराव थांबवून डॉक्टरांना पाय दाखवा. मधुमेहामुळे तळव्याची संवेदना कमी झाली असेल तर हा नाद करूच नये.

रॅम्पवर चालायला शिकवणारी, कॉलेज रोड

सगळ्यात मोठी चूक म्हणजे लांब पाऊल. नेहमीचं पाऊल टाकलं की पाय पुढे जाऊन टेकतो, गुडघा वाकतो आणि ती वाकलेली चाल येते. दोन पावलांत आपल्या तळपायाच्या लांबीएवढंच अंतर ठेवा. आधी टाच टेकवा आणि लगेच चवडा, मध्ये फार वेळ जाऊ देऊ नका. पेन्सिल टाचेवर दोन्ही जवळजवळ एकत्रच टेकतात. पाय टेकताना गुडघा सरळ हवा, पण ताठ आवळलेला नको.

एका रेषेत चालणं रॅम्पपुरतं. लग्नाला जाणारीने दोन पायांमध्ये तीन-चार बोटं अंतर ठेवावं, तोल लगेच सुधारतो. नजर 10-12 फूट पुढे. पायाकडे बघितलं की मान खाली जाते आणि भार आणखी चवड्यावर येतो. उतारामुळे शरीर पुढे कलतं म्हणून कंबर मागे मोडायची सवय लागते, रात्रीची कंबरदुखी तिथूनच येते. बरगड्या खाली, पोट हलकं आत, एवढं पुरे.

सरावाचा क्रम असा: खोलीतली फरशी, मग सतरंजी, मग गच्ची, मग सोसायटीतले पेव्हर ब्लॉक, शेवटी पार्किंगचा उतार आणि जिना. पेव्हरच्या फटीत पेन्सिल टाच अडकते, तिथे भार चवड्यावर ठेवून चाला. जिना चढताना पूर्ण चवडा पायरीवर, टाच बाहेर राहिली तरी चालेल. उतरताना अंग थोडं तिरकं, हात कठड्यावर आणि अख्खा पाय पायरीवर. उतरणीवर रस्त्याचा उतार टाचेच्या उतारात मिळतो. जुन्या नाशकात गोदावरीकडे उतरणाऱ्या गल्ल्यांत तीन इंची टाचही चारसारखी वागते, तिथे पाऊल निम्मं करा.

साडी नेसवणारी, पंचवटी

सँडल आधी, परकर नंतर. अनवाणी नेसवलेली साडी टाच चढवली की वर उचललेली दिसते. निऱ्या सँडल घातलेल्या पायावर, जमिनीपासून अर्धा इंच वर राहतील अशा खोचा. येवल्याच्या पैठणीला जरीचे काठ जड असतात, निऱ्या खाली ओढल्या जातात, म्हणून परकराची नाडी नेहमीपेक्षा घट्ट आणि निऱ्यांना आतून मोठी पिन. फॉलची शिलाई उसवलेली असेल तर आदल्या दिवशी घालून घ्या. टाचेचं टोक बरोबर त्याच फटीत शिरतं.

नवरीसाठी वेगळं. जोडवी असतील तर पुढून बंद सँडल नको, तास-दीड तासात बोट काचतं. पैंजण आणि घोट्याचा पट्टा एकमेकांत अडकतात, तेव्हा पैंजण पट्ट्याच्या वर बसवा. विधीला सँडल सारख्या काढाव्या लागतात, म्हणून बारीक बक्कलापेक्षा मागे चेन असलेली घ्या.

लॉन्सवरचं व्यवस्थापन, दिंडोरी रोड

हिरवळीला सकाळी पाणी मारलेलं असेल तर संध्याकाळीही पेन्सिल टाच रुतते. टाचेच्या टोकाला लावायच्या प्लॅस्टिकच्या पसरट टोप्या मिळतात, त्या लावा, नाहीतर रुंद टाच घाला. स्टेजचं वेगळं: गालिच्याखाली फळ्यांचे सांधे असतात आणि दिसत नाहीत. फोटोसाठी उभं राहण्याची जागा आधी पायाने चाचपून ठरवा.

पुन्हा शालिमार

वर लॉन आणि पेव्हरचं आलंय म्हणून एक राहिलेलं. टाचेच्या टोकाखालची छोटी टिप झिजली की आतली खिळ्याची धातू फरशीवर टेकते, आणि गुळगुळीत फरशीवर ती बर्फासारखी घसरते. चालताना टकटक आवाज अचानक कडक झाला की समजा, टिप गेली. ती लगेच बदला. धातू घासली गेली की टाचच खराब होते. नवीन जोडीचा सोल गुळगुळीत असेल तर चवड्याखाली पॉलिश कागद आडवा 20-30 वेळा फिरवा, किंवा पातळ रबरी सोल चिकटवून घ्या. चिकटवलेला सोल पूर्ण वाळायला रात्रभर लागतो, म्हणून कार्यक्रमाच्या सकाळी आणू नका.