परक्या मैदानावर नुसता बचाव पुरत नाही

फुटबॉलमध्ये परक्या मैदानावर दुबळ्या संघाने दहा खेळाडू मागे ठेवून बरोबरीवर समाधान मानावे, हे तुमचे मत मला पटत नाही. बेळगावहून कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर गेलेला संघ स्वतःच्या गोलसमोर गर्दी करून राहिला, तर दूर टोलवलेला चेंडू पुन्हा यजमानांकडेच जातो, कारण पुढे तो अडवून धरणारा कोणी नसतो; आणि प्रत्येक कॉर्नरगणिक प्रेक्षकांचा आवाज चढत जातो. उलट जिंकण्याचे दडपण यजमानांवर असते, त्यामुळे त्यांचे दोन्ही बगलांचे बचावपटू पुढे सरकतात आणि त्यांच्या मागे मोकळी जागा पडते.

फेब्रुवारी २०१६ मध्ये इंग्लंडच्या लेस्टर सिटी क्लबने मँचेस्टर सिटीला त्यांच्याच मैदानावर ३-१ असे हरवले, तेव्हा चेंडू बहुतांश वेळ यजमानांकडे होता, परंतु लेस्टरचा पहिला गोल तिसऱ्याच मिनिटाला झाला होता. मार्च २०१९ मध्ये नेदरलँड्सच्या आयाक्स क्लबने माद्रिदमध्ये रेआल माद्रिदवर ४-१ अशी मात केली. दोन सामन्यांच्या त्या लढतीत घरचा पहिला सामना १-२ असा गमावल्यामुळे त्यांना बचावाची सोयच उरली नव्हती. अशा लढतीत एकूण गोल सारखे झाल्यास परक्या मैदानावरील गोलांना जादा महत्त्व देणारा नियम युएफाने (युरोपच्या फुटबॉल महासंघाने) २०२१ मध्ये रद्द केला, हे मान्य. मोकळ्या जागेचे गणित मात्र त्याने बदललेले नाही.