माहितीचा अधिकार: कोणता कागद मागितल्याने तुमचे काम झाले?

पिंपळपार

आमच्या गल्लीत काँक्रिटीकरणासाठी पुन्हा खोदकाम सुरू झाले आहे, आणि त्यामुळे काही वर्षांपूर्वीच्या एका अर्जाची आठवण झाली. तेव्हा गल्ली डांबरी होती आणि नवा थर टाकल्यानंतर पहिल्याच पावसात खडी वर आली होती. तक्रारींना 'नोंद घेण्यात आली आहे' एवढेच उत्तर येत असे. शेवटी मी माहिती अधिकाराच्या अर्जाचा नमुना, म्हणजे जोडपत्र 'अ', भरले, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवला आणि परिरक्षण खात्याच्या जन माहिती अधिकाऱ्यांकडे कार्यादेशाची प्रत, मोजमाप पुस्तिकेतील या कामाची पाने, अदा केलेले देयक आणि कंत्राटातील दोषदायित्व कालावधीचे (ज्या मुदतीत काम बिघडले तर कंत्राटदारानेच ते दुरुस्त करायचे असते) कलम एवढेच मागितले. रस्ता का उखडला, जबाबदार कोण, असे एका शब्दाने विचारले नाही.

मोजमाप पुस्तिकेच्या पानावर लांबी, रुंदी, जाडी असे रकाने होते आणि रुंदी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लिहिली होती. आमची गल्ली पिठाच्या गिरणीपुढे इतकी निमुळती होते की तिथे टेम्पो वळत नाही. त्या पानाची प्रत आणि टेपने घेतलेली मापे पत्राला जोडून दिली. दोषदायित्व कालावधी संपलेला नसल्यामुळे कंत्राटदाराला थर स्वखर्चाने पुन्हा टाकावा लागला. रुंदीचे पुढे काय झाले, हे मात्र कोणी कळवले नाही.

आपणही लिहावे.

निवृत्त लिपिक

सेवेत असताना असे अर्ज मीच आवक करून घेत असे, त्यामुळे पलीकडच्या बाजूचे सांगतो. कार्यालयात जो अभिलेख अस्तित्वात आहे तोच द्यायचा असतो, अधिकाऱ्याने नवे स्पष्टीकरण तयार करून द्यावे असे बंधन नाही. साहजिकच 'आमच्याच भागावर अन्याय का?' अशा अर्जाला 'प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही' असे टंकून आम्ही मोकळे होत असू. ज्याला टिपणीची, म्हणजे अधिकाऱ्यांनी प्रकरणावर लिहिलेल्या शेऱ्यांची, पाने मागायचे सुचते, त्याचा अर्ज मात्र साहेब स्वतः वाचत.

2012 पासून राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि सर्वसाधारणपणे 150 शब्दांपर्यंतचा असावा लागतो. एका गृहस्थांनी तेवढ्यात गटार, भटकी कुत्री आणि स्वतःचे निवृत्तिवेतन असे तिन्ही बसवले होते. अक्षर मात्र मोत्यासारखे होते.

सायनकरीण

प्रती मागण्याआधी धारिका (फाइल) डोळ्यांखालून घालावी. 26 नोव्हेंबर 2018 च्या शासन निर्णयानुसार दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि महानगरपालिकांत अभिलेख पाहता येतात. आईच्या इमारतीची धारिका मी अशीच पाहिली. आज तळमजल्यावर जिथे गोदाम आहे, तिथे मंजूर नकाशात वाहनतळ आहे आणि भोगवटा प्रमाणपत्रही इमारतीच्या काही भागापुरतेच आहे, हे तिथे बसून समजले. हव्या त्या पानांचे क्रमांक टिपून घेतले आणि अर्जात तेवढीच पाने मागितली. प्रतिपान दोन रुपये, त्यामुळे संपूर्ण धारिका मागण्याचा खर्चही वाचला.

चारकोपवासी

विषय किंचित वेगळा आहे. आमच्या सोसायटीचे सचिव हिशेब दाखवत नाहीत. त्यांच्याकडेच माहिती अधिकाराचा अर्ज करता येईल का? भाजी चुलीवर आहे, म्हणून थोडक्यात विचारते.

निवृत्त लिपिक

ताई, सोसायटीकडे नाही. शासनाचा भरीव निधी किंवा खरे नियंत्रण नसेल तर सहकारी संस्था या कायद्याखाली 'सार्वजनिक प्राधिकरण', म्हणजे माहिती देण्यास बांधील असलेली संस्था, ठरत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये थलप्पलम सहकारी बँकेच्या प्रकरणात दिला आहे. पण उपनिबंधकांचे कार्यालय सार्वजनिक प्राधिकरणच आहे. सोसायटीने तिथे दाखल केलेला लेखापरीक्षण अहवाल त्यांच्याकडून मागा. शिवाय सभासद म्हणून ताळेबंद आणि सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त पाहण्याचा हक्क सहकार कायद्याने आपल्याला वेगळा दिलेला आहे. त्यासाठी सचिवांना साधे पत्र पुरेल.

ताडदेवचा जावई

'सदर अभिलेख आढळून येत नाही.' सासरेबुवांच्या चाळीच्या दुरुस्तीची धारिका मागितल्यावर आलेले हे उत्तर, तेही तीस दिवसांची मुदत उलटल्यानंतर. वीस रुपयांचा स्टॅम्प लावून प्रथम अपील केले आणि सुनावणीत वाद न घालता एवढेच म्हणालो की, धारिका नसेल तर ती शेवटी कोणत्या टेबलावर गेली हे दाखवणाऱ्या नोंदवहीच्या पानाची प्रत द्यावी. अपिलीय अधिकाऱ्यांनी संबंधितांकडे नुसते पाहिले. पुढच्याच आठवड्यात धारिका सापडली. मुदत उलटलेली असल्याने कलम 7(6) प्रमाणे प्रतींचे पैसेही द्यावे लागले नाहीत. सासरेबुवा तेव्हापासून मला थोडे मानतात.

पिंपळपार

नोंदवहीच्या पानाची युक्ती फारच आवडली.

कुर्ला_पूर्व

सगळे गोड गोड चालले आहे म्हणून दुसरी बाजू मांडतो. बांधकामांवर अर्ज टाकायचे आणि नंतर पैसे घेऊन गप्प बसायचे, हा काहींचा धंदा आहे. त्यांच्यामुळे खऱ्या अर्जदाराकडेही संशयाने पाहिले जाते. मला तर काउंटरवरच 'हे कशासाठी हवे आहे?' असे विचारले गेले.

सायनकरीण

कलम 6(2) प्रमाणे कारण सांगावे लागत नाही, हे शांतपणे सांगावे. धंदेवाईक मंडळींविषयी आपले म्हणणे खरे आहे, परंतु मंजूर नकाशे आणि देयके कलम 4 नुसार कार्यालयाने आपणहून प्रसिद्ध केली, तर त्या कागदांवर कोणाला पैसे उकळता येणार? मला खरी धास्ती वैयक्तिक माहिती नाकारण्याची मुभा देणाऱ्या पोटकलमाची आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ते बदलले आहे. आता कंत्राटदाराचे किंवा अभियंत्याचे नाव असलेला प्रत्येक कागद 'वैयक्तिक' म्हणून नाकारला जाऊ नये.

निवृत्त लिपिक

नाकारला तर कलम 8(2) चा आधार घेऊन अपील करावे. संबंधिताच्या हानीपेक्षा लोकहित मोठे असेल, तर माहिती देता येते. मात्र दुसरे अपील राज्य माहिती आयोगाकडे जाते आणि तिथे फार वाट पाहावी लागते. माहिती न देणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये आणि जास्तीत जास्त 25,000 रुपये दंडाची तरतूद आहे, पण तो क्वचितच होताना पाहिला. म्हणून पहिल्याच अर्जात कागदाचे नेमके नाव लिहावे, असे मी सर्वांना सांगत असे.

चारकोपवासी

सचिवांना द्यायचे पत्र लिहून झाले. ते हाती द्यावे की टपालाने पाठवावे?

ताडदेवचा जावई

हाती द्या, पण दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय जिना उतरू नका. त्यांनी सही करायला नकार दिला, तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवा.