‘लेस पीपल’ म्हटलं की चुकलंच का?

इरावती_ठाणे: काल इथे एकाने लिहिलं, ‘लेस पीपल’ म्हणणाऱ्याला इंग्रजी शिकवायची नोकरी देऊ नये, ‘कमी’साठी मोजता येतं तिथे फ्यूअर, येत नाही तिथे लेस. वाचून डोकं फिरलं. हा नियम आला कुठून? १७७० मध्ये इंग्रजी भाषेवर लिहिणाऱ्या रॉबर्ट बेकरने लिहिलं की संख्येसाठी त्याला फ्यूअर जास्त बरं वाटतं. त्याची आवड! पुढच्यांनी तिचा कायदा केला. नवव्या शतकात इंग्लंडमधल्या आल्फ्रेड राजाच्या गद्यात शब्दांच्या संख्येला लेसच आहे. आणि तुम्हीसुद्धा ‘लेस दॅन फाइव्ह किलोमीटर्स’च म्हणता. किलोमीटर मोजता येत नाहीत?

गद्यपद्य: लिहिणारा मीच. पाच किलोमीटर म्हणजे एक सलग अंतर, सुटे पाच नग नव्हेत. पैसे, वेळ, तसंच. आल्फ्रेडच्या वाक्यात ‘शब्दांपैकी कमी’ अशी षष्ठी होती. ती विभक्तीच गेली, दाखला कसला देता? शिकलेली लोकं हा फरक पाळतात, एवढं पुरे.

अण्णा_सातारा: ‘लोकं’? लोक पुल्लिंगी, अनेकवचनी. अनुस्वार कुठून आणलात?

गद्यपद्य: विषय काय, बोलताय काय! सगळेच म्हणतात.

इरावती_ठाणे: मराठीत ‘सगळेच म्हणतात’ चालतं, मग इंग्रजीत का नाही?

सुनेत्रा: मुलं, घरं, झाडं यांच्या पंगतीत लोकं जाऊन बसलं, एवढंच झालंय. माझी कोकणातली आजी कायम लोकंच म्हणायची. तिची भाषा अशुद्ध?

अण्णा_सातारा: आजींना नमस्कार. त्या बोलत होत्या, इथे लिहिलंय. आयुष्यभर मराठी शिकवलं. निबंधाच्या वह्यांत याच शब्दाला लाल गोल करत आलो.

सुनेत्रा: त्या लाल गोलांपायी माझ्या शेजारच्या बाकावरची मुलगी वर्गात तोंड उघडेनाशी झाली. त्याचे मार्क कोण देणार?

अण्णा_सातारा: शिक्षकाने चूक दाखवायचीच नाही का मग?

सुनेत्रा: दाखवा. आधी तिने काय लिहिलंय ते वाचा.

भूषण_लीड्स: मूळ मुद्द्यावर येता का? २००८ मध्ये टेस्को या सुपरमार्केटने इथे ब्रिटनमधल्या दुकानांत, थोड्या सामानाच्या काउंटरवरच्या पाटीवर, ‘टेन आयटम्स ऑर लेस’ऐवजी ‘अप टू टेन आयटम्स’ लिहायचं ठरवलं.

गद्यपद्य: म्हणजे लेस खटकत होतंच!

भूषण_लीड्स: फ्यूअरही लावलं नाही, तेही बघा.

गद्यपद्य: ठीक, नोकरीचं वाक्य मागे. परीक्षेत मात्र फ्यूअरच लिहा. मार्क गेले तर माझ्याकडे येऊ नका. आणि अण्णा, वरचं ‘लोकं’ मी बदलणार नाही.

अण्णा_सातारा: नका बदलू. मी ‘लोक’च वाचणार.