शब्दचर्चा : थरारपटातला ‘साचा’ आणि ‘शिक्का’

प्रश्न (कॉलेज रोड)
आमचं नाशिकचं छोटं मंडळ थरारपट बघतं आणि त्यावर टिपणं लिहितं. ‘स्टीरिओटाइप’ला मराठी शब्द कोणता घ्यावा यावर आमचं एकमत होत नाही. साचेबंद, ठोकळेबाज, एकसुरी, पूर्वग्रहदूषित, सगळे सुचवून झाले. परवाच्या चित्रपटात दागिने चोरीला जातात आणि सगळ्यांचा संशय घरकाम करणाऱ्या बाईवर जातो. शेवटी चोर निघतो घरातला जावई. बाईचं हे चित्रण ठोकळेबाज म्हणायचं की ठोकळा मोडणारं?

प्रतिसाद (नाशिकरोड)
माझी नोकरी छापखान्यात झाली, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. पूर्वी पानासाठी खिळे (अक्षरांचे धातूचे ठसे) एकेक करून जुळवत. तेच पान पुन्हापुन्हा छापायचं असेल तर जुळवलेल्या पानाचा साचा काढून त्यावरून धातूची अखंड पाटी ओतत. त्या पाटीला स्टीरिओटाइप म्हणत. पाटी ओतली की त्यातलं एक अक्षरही हलवता येत नसे. समाजातल्या ठरीव समजुतींसाठी हा शब्द रूढ केला तो अमेरिकी पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी, १९२२ साली. त्यामुळे ‘ठोकळेबाज’ आणि ‘साचेबंद’ हे दोन्ही शब्द मूळ अर्थाला धरून आहेत. (आपले त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळकेही सिनेमाकडे येण्याआधी छपाईच्याच धंद्यात होते.)

प्रतिसाद (सटाणा)
शब्द कोणताही घ्या, पण भाषेवरून होणारं चित्रण विसरू नका. तपास अधिकारी पुस्तकी मराठी बोलतो आणि मुडदा पाडणारा गडी अहिराणी नाहीतर वऱ्हाडी. आमच्या घरात अहिराणीत ओव्या म्हणतात, भांडणं होतात, लग्नं जमतात. पडद्यावर मात्र ती ऐकू आली की एकतर हसायचं किंवा घाबरायचं. मालेगावचंही तेच. हजारो घरं यंत्रमागावर जगणारं हे गाव संवादात फक्त धाग्यादोऱ्यांसाठी येतं, आणि तेही कटाच्या.

प्रतिसाद (पंचवटी)
माझ्या मते इथे दोन वेगळ्या गोष्टी एका शब्दात कोंबल्या जात आहेत. त्यांना दोन शब्द हवेत.

पहिला ‘साचा’. म्हणजे कथेतलं ठरलेल्या धाटणीचं पात्र. संस्कृत नाटकात विट (नायकाचा रंगेल सोबती), चेट (नोकर), विदूषक असत. तमाशात सोंगाड्या आणि मावशी असतात. थरारपटात झोप उडालेला इन्स्पेक्टर, सगळं ठाऊक असूनही गप्प बसणारी म्हातारी, पहिल्या अर्ध्या तासात मरणारा मित्र. ही कथेची गरज आहे. प्रेक्षकाला पात्र झटकन ओळखू यावं लागतं, कारण त्याचं लक्ष गुन्ह्याकडे हवं असतं. असं पात्र कंटाळवाणं होईल, पण त्याने कोणावर अन्याय होत नाही.

दुसरा ‘शिक्का’. तो कथेत तयार होत नाही, समाजातून आयता येतो. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मावरूनच गुन्हेगार ठरवायची सोय केली. १९५२ साली तो रद्द झाला आणि त्या जमाती विमुक्त म्हणवल्या जाऊ लागल्या. तरी आजही गावाबाहेर त्यांचं पाल (राहुटी) पडलं आणि त्याच आठवड्यात चोरी झाली की पोलीस आधी कुठे जातात, हे जिल्ह्यात कोणालाही विचारा. थरारपटात अंधारात पालाजवळची शेकोटी दाखवली की प्रेक्षकाच्या मनात संशय तयार होतो. दिग्दर्शकाला एक शब्दही खर्च करावा लागत नाही, म्हणूनच त्याला तो शिक्का सोयीचा वाटतो.

आता मूळ प्रश्न. संशय कामवाल्या बाईकडे वळवून गुन्हेगार जावई काढणं याला मी ‘हूल’ म्हणेन. रहस्यकथेत हूल लागतेच. पण हूल दिली म्हणजे शिक्का पुसला गेला, असं होत नाही. तुमच्या चित्रपटात त्या बाईला नाव आहे का? जावई पकडल्यावर तिचं काय झालं हे दाखवलंय का? तिची झडती घेणाऱ्या मालकिणीला कोणी जाब विचारतं का? यातलं काहीच नसेल तर दिग्दर्शकाने प्रेक्षकाच्या पूर्वग्रहाचा फायदा घेतला आणि तो पूर्वग्रह तसाच घरी पाठवला. उलट, ‘आपण हिच्यावर संशय का घेतला’ हे प्रेक्षकाला टोचलं, तर तिथे खरं काम झालं. असे चित्रपट थोडे आहेत आणि ते जपले पाहिजेत.

‘पूर्वग्रह’ हा शब्द मी पात्रासाठी वापरणार नाही. पूर्वग्रह प्रेक्षकाचा किंवा लेखकाचा असतो, पात्रावर असतो तो शिक्का. ‘टाइपकास्ट’ हा प्रकारही वेगळा, तो नटाच्या बाबतीत. त्याला ‘एकाच भूमिकेत अडकलेला’ म्हटलं की पुरतं.

प्रश्नकर्ती (कॉलेज रोड)
बाईला नाव नाही. श्रेयनामावलीतही ‘मोलकरीण’ एवढंच आहे. झडतीनंतर ती पुन्हा एकदाच दिसते, चहाचा ट्रे घेऊन.

प्रतिसाद (पंचवटी)
मग टिपणात असं लिहा : ‘इन्स्पेक्टरचं पात्र साचेबंद आहे, पण ते चालून जातं. मोलकरणीवरचा चोरीचा शिक्का चित्रपट हूल म्हणून वापरतो आणि पुसायचं विसरतो.’

प्रतिसाद (सटाणा)
‘विसरतो’ नको. ‘पुसत नाही’ लिहा.